इडलीच्या पिठाशेजारची बिअर

५ फेब्रु. २००६, रवि.
आज हे आपणहून उठले. आठला! फॅक्टरी बंद पडल्यापासून चार महिन्यांत पहिल्यांदा. दाढीसुद्धा केली. चर्चच्या जुन्या सामानाच्या जम्बल सेलमधलं ते फाटकं पुस्तक, जुन्या काळी इथले इंग्रज शेतगडी प्यायचे त्या बिअरचं, ओट्यावर उघडं. माझ्या मोठ्या पातेल्यात पाणी, हॉप्सची कडू फुलं आणि ट्रीकलच्या काळ्या पाकाचे दोन डबे. घरभर काकवीसारखा वास. माझ्या स्वयंपाकघरात दारू! सासूबाईंनी पाहिलं असतं तर...
यीस्ट टाकू का विचारलं तर अंगावरच आले. "अगं थांब! गार होऊ दे आधी. गरमात यीस्ट मरतं!" तीस वर्षं फॅक्टरीत इन्स्पेक्टर, सवय जाते थोडीच. त्यांचं ओरडणं ऐकून इतकं बरं वाटलं.

८ फेब्रु., बुध.
बिअरची बादली वरच्या एअरिंग कपबर्डमध्ये, कपडे सुकवायच्या उबदार कपाटात, गरम पाण्याच्या टाकीला लागून. बुडबुड चालू. हे तासातासाला जाऊन कान लावतात.
वॉर्डात दोघी सिक. माझी सकाळची अर्ली शिफ्ट लांबली, पायांचे तुकडे पडलेत. तरी घरी आल्यावर चहा आयता!
एजवेअरहून वसूचा फोन. "आई, बाबा अजून बेडमध्येच राहतात का?" म्हटलं, नाही गं, बाबांना बाळ झालंय, कपबर्डात निजवलंय. पोरगी हसली, मग रडली. मीही.

११, शनि.
उद्या इडल्या. पीठ नेहमीच्या जागी, कपबर्डात. या थंडीत दुसरीकडे कुठे फुगायला?

१२, रवि.
पीठ उतू गेलं. बादलीच्या झाकणावर, कडांवर, सगळीकडे. हे आंघोळीला गेलेले. मला असलं चिकट बघवत नाही. झाकण उचललं, ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसलं, परत घट्ट लावलं. इडल्या मस्त झाल्या. ह्यांनी सहा खाल्ल्या.

१९, रवि.
ह्यांनी बाटल्या धुऊन रांगेत मांडल्या आणि बादली उघडली. वर पांढरी साय. वास आंबट, थेट आंबलेल्या पिठाचा. एक घोट घेऊन हे थुंकले.
"कुठून शिरलं हे?"
मला ते पिठाचं फडकं आठवलं.
सगळं सिंकमध्ये ओतलं. नळ किती वेळ चालू होता.

२१, मंगळ.
पडदे परत ओढलेले. मी सहाला निघाले तेव्हा हे पांघरुणात, मी चारला आले तरी तसेच. उशाशी चहा गार, वर साय.
"उठताय ना?"
थकले बाई. वॉर्डात तेच, घरी तेच.

२३, गुरु.
सांगून टाकलं. "अहो, माझंच पीठ उतू गेलं होतं. झाकणही मीच उचललं."
भिंतीकडे तोंड. "असू दे."
अहो, असू दे काय! चार शिव्या घालायच्या होत्यात. ऐकल्या असत्या मी आनंदाने.

२५, शनि.
सुट्टी. पाठ धरलीय, तरी बसने जाऊन आणले ट्रीकलचे दोन डबे, हॉप्स, यीस्ट. पीठ या वेळी खाली, बॉयलरपाशी. फुगलं तर फुगलं.
पुस्तक बघून जमेल तसं चाललंय. अर्धं ट्रीकल ओट्यावर, अर्धं माझ्या बाहीवर. पातेलं मुद्दाम आपटलं दोनदा. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवलंय, वास वर जाऊ दे.
ओट्याशी उभ्यानेच लिहितेय. जिना वाजला. हे. पायजम्यातच, केस उभे. तिसऱ्या पायरीवर येऊन बसलेत. पातेल्याकडे बघताहेत.
पातेलं रटरटतंय, वाफ नुसती. वही ठेवते. यीस्टचं पाकीट फोडते आता, पातेल्यावर धरून, त्यांना नीट दिसेल असं.