ऐनाच्या सालीचा रंग

ऊर्जानगर

बाबा, इथूनच पाया पडते. मी मजेत हाय, दोन्ही टाइम जेवून राह्यली, मायले सांगजा.

आज लय खुशी झाली! घरमालक बाबुलालभाऊ जुने फोटोवाले, त्याईनं आपल्या अंधाऱ्या खोलीत मले फोटो बनवाले शिकवलं. निगेटिव्ह फोटोच्या कागदावर ठेवून उजेड दिला अन् कागद औषधाच्या पाण्यात टाकला, का तेवढाच इवलासा फोटो उमटते. मंग ते त्याले चहाच्या पाण्यात रंगवतात. मी म्हटलं, आमचं मासोळीचं जाळं ऐनाच्या सालीत रंगते, तेच करू!

साल तुमचीच. मागं घरून येताना न विचारता आणली, रागावू नका.

कागदाचे दोनच तुकडे उरले होते, दोन्हीवर तुमचाच फोटो छापला. पहिला जाळ्यासारखा उकळत्या काढ्यात बुडवला, अन् तुमचा चेहरा कागदावरून सुटून तरंगाले लागला! जीवच धसकला. भाऊ म्हणाले, "अवं बाई, हे जाळं नोहे!" दुसरा थंड काढ्यात ठेवला. तुमी तलावाच्या पाळीवर, खांद्यावर जाळं, हसून राह्यले. सारा फोटो जाळ्याच्या रंगाचा!

खोकला कमी हाय का? दवाखान्यात गेले का? खरं सांगजा.

माहे हात तांबडे झाले, साबणानं निघत नाई. अगदी तुमच्या हातासारखे दिसतात. आता मी घासणं सोडलं.

तुमची रंजीता