गाडीला मी हातही लावणार नाही

८ जानेवारी

हार्लन, ही रोजनिशी तुझ्यासाठी नाही. पण बोटीवरून घरी आलास की टेबलावर पडलेला कुठलाही कागद वाचायची तुला खोड आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते: तू विसरलास. तुझं डोकं तुझ्या बापाच्या टोपीसारखं आहे, बाहेरून नीटनेटकं, आत नुसती हवा. नाताळात टिलीला शब्द दिलास, ह्या वर्षी शर्यतीची गाडी आपण दोघं मिळून करू. आणि मग पिशवी उचलून नदीवर गेलास. आता फेब्रुवारीपर्यंत तू कोळशाचे बार्ज ढकलत बसणार आणि इथे तुझी आठ वर्षांची लेक ठोकळा मांडीवर घेऊन बसणार.

मला अक्षर येत नाही. म्हणून मी बोलते आणि तुझी बायको लिहिते. रोंडाला ताकीद दिली आहे, मी बोलेन तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. ती बरं म्हणाली. फार चटकन म्हणाली.

टिलीच्या कब स्काउट पथकाचे प्रमुख ड्वेन हॅकर प्रत्येक पोराला एक खोकं देतात. त्यात पाइनचा ठोकळा, चाकं आणि चाकं ठोकायला खिळे. ह्यातून गाडी पोरानं करायची, घरच्या मोठ्या माणसानं जरा मदत करायची आणि महिनाअखेरीला चर्चच्या तळघरात लाकडी उतारावरून सोडून द्यायची. इंजिन नाही, चावी नाही. जी आधी खाली पोचेल ती जिंकली.

संकल्प: गाडी टिलीची. मी बाजूला खुर्ची टाकून बसेन. हातही लावणार नाही.

१० जानेवारी, बुधवार

चर्चमध्ये जेवण होतं. लाइल कॉमस्टॉक दिसला, म्हणून बोलावं लागलं. त्याचं यंत्रांचं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी त्याच्या ब्रॅडीची गाडी अशी गुळगुळीत होती की माशी बसली तर घसरून पडेल. ती कशी केलीस म्हणून पोराला विचारलं तर पोर बापाकडे बघायला लागलं. ह्याला मी लबाडी म्हणते. साऱ्यांच्या देखत म्हटलं, पोरांची शर्यत पोरांची असावी, बापांना एवढी हौस असेल तर त्यांनी स्वतः उतारावर बसून घसरावं.

लाइल हसला. ड्वेन म्हणाले, अगदी बरोबर बोललात, नियमांच्या कागदावर हेच लिहिलंय, वाचून दाखवू का? मी म्हटलं, काही गरज नाही. न्याय काय ते मला कागदावाचून कळतं.

येताना रोंडा मागे राहून ड्वेनशी काहीतरी कुजबुजत होती. भांड्यांचं असेल.

११ जानेवारी

टिलीनं ठोकळ्यावर पेन्सिलीनं बोट काढली. चिमणी, खिडक्या, सगळं. मी हळूच सांगितलं, बाळे, बोटी पाण्यात पळतात. ती म्हणाली, बाबांची बोट आहे. मी म्हटलं, बाबांची बोट तासाला किती पळते ते तुला ठाऊक आहे का? किनाऱ्यावरची म्हातारी कुत्री तिला मागे टाकतात. आधी गाडी काढू, बोट मग.

मग गाडी काढली. पुढे निमुळती, मागे जाड, पाचरीसारखी. संकल्प मोडलेला नाही. पेन्सिल टिलीच्याच हातात होती. टिलीचा हात माझ्या हातात होता.

१३ जानेवारी

कोरायला सुरुवात. टिलीनं चाकू हातात घेतला आणि मी तिथल्या तिथे पाच वर्षांनी म्हातारी झाले. म्हणून कसा धरायचा ते दाखवायला घेतला. माझ्या बापानं मला कुऱ्हाडीचे दांडे करायला शिकवलं ते असंच, दाखवून. दाखवता दाखवता पुढचं टोक झालं. मग एकच बाजू करून सोडली तर गाडी लंगडी दिसते, म्हणून दुसरीही दाखवली.

टिली किती समजूतदार. मध्येच उठून कुत्र्याला जेवण घालायला गेली, म्हणजे मला नीट उजेड मिळावा.

१७ जानेवारी, सकाळी

टिली शाळेत. ठोकळा टेबलावर पडलेला. नुसता बघत होते तर डावी कड उजवीपेक्षा फुगीर दिसली. एकदा दिसली की दिसतच राहते. भातातला खडा जसा.

रोंडा कामावरून आली आणि म्हणाली, आई, तुम्ही तर हात लावणार नव्हतात. मी म्हटलं, लिही: हात लावला नाही, चाकू लावला. ती म्हणाली, लिहिलं.

शिवाय माझ्यात आणि लाइलमध्ये फरक आहे. तो यंत्र वापरतो. यंत्राला ना डोळा ना मन. चाकूनं केलेलं काम म्हणजे हातकाम आणि हातकाम घरातल्या घरात कुणीही केलं तरी ते घराचंच.

२० जानेवारी

वजन. गाडी जितकी जड तितकी उतारावर जोरात जाते, हे ओंडके ओढलेल्या माणसाला शिकवायला नको. तुझ्या गळाच्या डब्यातल्या शिशाच्या गोळ्या घेतल्या. गाडीच्या पोटाला भोक पाडून आत ठोकल्या. वरून भुसा आणि गोंद. आता बोट फिरवलं तरी कळत नाही. रोंडा म्हणाली, वजनाला मर्यादा आहे, नियम वाचून दाखवू का? म्हटलं, नियम लाइलसारख्यांसाठी. मला अंदाज आहे.

टिलीला दाखवली तर म्हणाली, छान झालीय. पुन्हा एकदा म्हणाली, खूप छान झालीय. आणि बाहेर गेली.

२३ जानेवारी

रंग. कोणता हवा विचारलं तर टिली म्हणाली, तुला आवडेल तो. आजकालच्या मुलांत असा आज्ञाधारकपणा शोधून सापडत नाही. लाल दिला. तीन हात.

पोर हल्ली शाळेतून आली की मागच्या शेडमध्ये असते. बोटांना पट्ट्या. रोंडा म्हणते शाळेचं काहीतरी करतेय. काय शाळा आहे. एवढ्याशा लेकरांना बोटं कापून घ्यायचा अभ्यास देतात आणि इथे मी तिला चाकूपासून लांब ठेवतेय.

२५ जानेवारी, दुपारी

लाइलला हार्डवेअरच्या दुकानात पकडलं. पेन्सिलीतल्या शिशासारखी काळी पूड घेत होता. चाकांना लावायला म्हणे. मी नजरेनंच बोलले. दुकानातून वेग विकत आणायचा. ह्याला कारागिरी म्हणतात का?

आपल्या चुलीशेजारी बेकनच्या चरबीचा डबा माझी आई ठेवायची, मीही ठेवते. बिजागरी कुरकुरली, बुटाचं चामडं कडक झालं, कढईला भाकरी चिकटायला लागली की त्यातलं बोटभर. तेच खिळ्यांना लावलं. चुलीजवळ बसून चाक फिरवलं, कॉफी ओतली, साखर घातली, ढवळली, पहिला घोट घेतला, चाक फिरतंच आहे. रोंडाला खोकला आला. तिला थंडी बाधलीय.

जिंकल्यावर लाइलला काही बोलायचं नाही असं ठरवलंय. नुसतं चालत त्याच्या समोरून जायचं.

२६ जानेवारी, शुक्रवार

आज गाड्यांचं वजन करून त्या चर्चच्या कपाटात बंद करायच्या होत्या, म्हणजे रात्रीतून कुणी काही करायला नको. चांगली पद्धत आहे. लाइलसारखे लोक असतात.

पण आपल्या पथकात आणखी एक पद्धत आहे, ती मला कुणी सांगितली नव्हती. रोंडा म्हणते, नियमांच्या कागदावर होती. वजनकाट्यावर गाडी ठेवली की पोरानं आपल्या तोंडानं सांगायचं, कशी केली.

आमची पाळी आली. लाल गाडी काट्यावर ठेवली. काटा पुढे गेला. काही हरकत नव्हती, माझ्या पर्समध्ये गिरमिट होतंच. तिथल्या तिथे पोट उघडून थोडं शिसं काढलं. सगळे बघत होते. काम बघण्यासारखंच होतं. ड्वेननी गाडी नाकाशी नेली आणि तळघरात आज बेकनचा नाश्ता आहे का असं विचारलं. मग खाली वाकून टिलीला म्हणाले, हे वजन तू कसं बसवलंस ते सांग बरं.

टिलीनं आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. टिलीनं कोटाच्या खिशात हात घातला.

"ही आजीची गाडी आहे," ती म्हणाली. "माझी ही."

खिशातून बोट निघाली. बटाट्यावर काडेपेटी ठेवावी तशी. दोऱ्याच्या रिळाची चिमणी. एक बाजू करवतीनं तिरकी गेलेली, पुढे तुझ्या बोटीचं नाव, शेवटची अक्षरं जागा न उरल्यामुळे खाली वळलेली. असं रोंडानं मला वाचून सांगितलं. ठोकळा आईनं धरला, करवत मी चालवली, असं टिली म्हणाली. वजनाला वॉशर चिकटवले. एक बोट करवतीखाली आलं, पण थोडंच. ड्वेननी विचारलं तेवढ्या सगळ्याला तिच्याकडे उत्तर होतं. मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणजे मी बोलायची थांबत नाही म्हणून, असं रोंडा म्हणते. हे तिनं पदरचं घातलंय, पण राहू दे.

दुसरा ठोकळा आला कुठून, असं मी विचारलं. ड्वेन म्हणाले, पहिला ठोकळा बिघडला तर दुसरा देतो आम्ही. रोंडानं त्या जेवणाच्या बुधवारीच सांगून ठेवलं होतं, घरात आई आहेत, बिघडणार.

मग कळलं की मोठ्यांची वेगळी शर्यत असते. ज्यांना राहवत नाही त्यांच्यासाठी. काय वाटेल ते लावा, काय वाटेल तितकं भरा. लाइलची गाडी तिथे आधीच उभी होती, गेल्या वर्षी माझ्यासारखंच कुणीतरी बोललं असणार त्याला. तो सरकला आणि म्हणाला, "या ओरामावशी, तुमचीच वाट बघत होतो."

घरी येताना गाडीत टिलीनं विचारलं, "आजी, रागावलीस?"

मी म्हटलं, छे. खिडकीबाहेर बघण्यासारखं बरंच काही होतं.

२७ जानेवारी, शनिवार

आधी पोरांची शर्यत झाली. टिलीची बोट पहिल्यांदा सगळ्यात शेवटी आली. दुसऱ्यांदा सगळ्यात शेवटी आली. तिसऱ्यांदा ब्रॅडीच्या गाडीचं चाक निघून बाकाखाली गेलं आणि बोट त्याच्या पुढे गेली. ब्रॅडीनं ह्या वर्षी गाडी स्वतः केलीय, चाकं बघूनच कळत होतं. टिली बाकावर उभी राहिली. पोरगी हसत होती की ओरडत होती कळलं नाही. एकूण शेवटून दुसरी आली. ब्रॅडी आणि ती दोघं मिळून बाकाखाली चाक शोधत होती.

मग मोठे. लाल गाडी वर ठेवली तेव्हा लोक खरंच वाकून बघायला लागले. सांगायला लाज नाही, साऱ्या टेबलावर तशी वस्तू नव्हती. लाइल, पाद्रीसाहेब, आणखी कोण कोण. ड्वेननी गाड्या अडवून धरलेली फळी पाडली. सगळ्या गेल्या.

माझी उभी राहिली. चरायला नेलेल्या आणि मन बदललेल्या गाईसारखी.

ड्वेननी बोटानं जरा ढकललं. ती वीतभर गेली, विचार केला आणि थांबली. लाइलनं उचलून खिळ्यावर नख फिरवलं. पांढरं निघालं. रात्री तळघरातली शेगडी विझवतात. बाहेर बर्फ. कढईत राहिलेली चरबी सकाळी थिजून पांढरी होते, हे मी रोज बघते. जन्मभर बघितलंय.

लाइल हसायचं नाही म्हणून बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, मावशी, माझ्या यंत्राला हे टोक जमणार नाही. आणि मग हसला. मीही हसले. नाहीतर काय करणार, सगळे हसतच होते.

पहिला नंबर पाद्रीसाहेबांचा. त्यांनी ठोकळ्याला नुसती चाकं लावली होती. ठोकळा, चाकं. बास.

२८ जानेवारी, रविवार

रोंडाला म्हटलं, आजपर्यंतचं सगळं वाचून दाखव. तिनं दाखवलं. शब्दही बदलला नव्हता. मध्येच एकदा विचारावंसं वाटलं, ही बाई कोण, आणि हिला कुणी घरात का ठेवलंय.

खरं तर मी हे मुद्दामच केलं होतं, पोरीनं चिडून स्वतः करावं म्हणून, असं लिहायला सांगितलं. रोंडानं पेन खाली ठेवलं. म्हटलं, बरं, नको लिहूस. तिनं एवढं मात्र लिहिलं.

संध्याकाळी टिली लाल गाडी घेऊन शेजारी येऊन बसली. टोकावरून बोट फिरवत होती, उलटं आणि सुलटं. म्हणाली, "पुढच्या वर्षी असं टोक कसं करायचं ते सांग. सांगायचं फक्त. हात पाठीमागे ठेवून." मी हात पाठीमागे घेतले. म्हटलं, आधी खालच्या बिनरंगाच्या बाजूला लाकडाच्या रेषा बघ, कुठल्या दिशेला जातात. ती बघायला लागली. उलट्या दिशेनं बघत होती. मी बोलले नाही. बऱ्याच वेळानं तिनं गाडी फिरवली.

फेब्रुवारीत पथकाचं जेवण आहे. प्रत्येक पोरानं आपल्या हातचा केक आणायचा. टिली जॅमचा केक करणार, आपल्या घरचा, ब्लॅकबेरीचा. मला स्वयंपाकघरात बसायची परवानगी मिळाली आहे. दारापाशी.

हार्लन, बोट खाली मेम्फिसला लागली की केकासाठी पेकन अक्रोड पाठव. फोडलेले पाठव, टिलीच्या बोटांना अजून पट्ट्या आहेत. आणि दोन केकांना पुरतील इतके पाठव. एक टिलीचा.