उताराची दुसरी बाजू

४ मार्च
तळ्याचा नकाशा मंजूर होऊन आला. काठापासून पाचशे मीटरचा लाल पट्टा — आत गोठा नको, शोषखड्डा नको, खताचा ढीग नको. सगळं शहर हेच पाणी पितं. नियमाशी माझं भांडण नाही. तो व्हावा म्हणून मीच साहेबांचं डोकं खाल्लंय. पट्ट्यात सात गोठे सापडले. सातवा दादाचा!

५ मार्च
दादाचा गोठा टेकडीच्या मागच्या अंगाला. तिथलं शेणपाणी पलीकडच्या नाल्यात जातं, तळ्यात एक थेंब येत नाही. त्या गोठ्यात मी लहानाची मोठी झाले, मला ठाऊक नसणार तर कुणाला?

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "मॅडम, नियम अंतराचा आहे, उताराचा नाही. आणि भावासाठी बोलताय असं दिसेल." ते दुसरं वाक्य ऐकून मी नकाशाची गुंडाळी केली आणि बाहेर आले.

११ मार्च
नोटीस स्वतः घेऊन गेले. शिपायाच्या हाती धाडली असती तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. तसं आताही ऐकावं लागणारच. दादाने वाचली, घडी घातली, म्हणाला, "चांगले पांग फेडलेस." वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या आणि तांब्या घेऊन तशाच आत गेल्या.

२ एप्रिल
गोठा पाडला. दादाने मजुरांना हात लावू दिला नाही, एकेक पत्रा स्वतः उतरवला. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या, सारख्या हंबरत होत्या. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.
माहेर संपलं.

२० एप्रिल
दादाचा अर्ज टेबलावर. नवा गोठा, तळ्याला पाणी आणणाऱ्या ओढ्याच्या अगदी कडेला, पण बराच वर. पट्ट्याबाहेर — म्हणजे नियमात चोख. आणि तिथला थेंब न् थेंब तळ्यात!

साहेब हसले. "आधी पाडू नका म्हणत होतात, आता बांधू देऊ नका म्हणताय. भावाने नक्की करायचं काय?" सगळं ऑफिस हसलं. दादाला फोन केला. उचलला नाही.

२३ एप्रिल
फाईल दाबून ठेवली होती. आज सही केली.

८ जुलै
पाऊस थांबायचं नाव नाही. प्रयोगशाळेचा माणूस आला होता. म्हणे क्लोरीनला न जुमानणारे जंतू सापडलेत, गुरांच्या शेणातले. "वर ओढ्याला गोठा आहे का एखादा?" आहे म्हटलं, नियमात बसणारा.

साहेब म्हणतात, दुसरा अहवाल येईपर्यंत गवगवा नको, लोक घाबरतील. मी मान डोलावली. घरी येऊन पाणी उकळत ठेवलं — फक्त आमच्यापुरतं. माझीच मला किळस आली.

१२ जुलै
वहिनींचा फोन. नोटिशीनंतर पहिलाच.

"वन्सं, नातीला सलाईन लावलंय हो. डॉक्टर विचारतायत, पाणी कुठलं देता. आम्ही आपलं नळाचंच देतो. चांगलं असतं ना ते? हे म्हणाले, तिलाच विचार, ती खोटं नाही सांगायची."