दहापैकी शून्य

दादा,

काल आपल्या संगीत क्लबात नियमाप्रमाणे कव्हर झाकून मी माझी आवडती रेकॉर्ड लावली. सगळ्यांनी आठ-नऊ गुण दिले. तू मात्र फणकारलास, "गायकाला गळाच नाही. दहापैकी शून्य!"

पहिल्या ओळीलाच तू स्वतःचा आवाज ओळखलास. तुझा पाय ताल धरत होता, मी पाहिलं. तरी चारचौघांत तुझं नाव फोडलं नाही.

ही एकुलती एक रेकॉर्ड चालली नाही म्हणून तू गाणंच सोडलंस. मी शिलाई मशीनवर बसून तीस वर्षं तीच ऐकतेय.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पुढच्या बैठकीत कव्हर उघडं ठेवून तीच रेकॉर्ड पुन्हा लावणार आहे. माझ्या आवडत्या गाण्याला नावं ठेवायची नाहीत. गायकानेसुद्धा!

तुझीच हट्टी,
धाकटी