शेवटची दहा मिनिटं

आबा, सकाळपासून उद्याच्या संघाची यादी मी तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. दहा नावं पक्की आहेत, अकरावं काही बसत नाही. पळसदेवचा एक सोळा वर्षांचा पोरगा आहे. उद्या इंदापूरला मोठ्यांच्या संघातून त्याची पहिली फुटबॉल मॅच. त्याच्या आईचा फोन येऊन गेला, "सर, आमी समदी येतोय. पुरी मॅच खेळवा त्येला." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. दोनदा केलेला चहा गार झाला. बायको म्हणते, एका पोराला खेळवायचं की बसवायचं, यात एवढं काय आहे? तिला काय सांगू? तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली आणि माझं तुमच्याशी असलेलं भांडण अजून चालूच आहे, हे तिला माहीत नाही.

पलटणीत फुटबॉल शिकलेले तुम्ही, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतात. पाळी सुटली की काळ्या हातांनीच आम्हा पोरांना शिकवायला बारामतीच्या मैदानावर यायचात आणि पांढरी फक्की टाकून स्वतः रेषा मारायचात. आम्ही सणसरची चौघं सायकली हाणत यायचो. तुमचा रिवाज सगळ्यांना पाठ होता. ज्याची मोठ्या संघातून पहिली मॅच, त्याने सकाळी तुमच्या क्वार्टरवर जेवायला यायचं. मी आलो त्या दिवशी तुम्ही स्टोव्हवर अंडी तळलीत, भाकरी माझ्या ताटात मोडून टाकलीत आणि स्वतः उभ्याउभ्याच खाल्लंत. मी हवेत होतो. लहानांच्या संघात त्या वर्षी सगळ्यात जास्त गोल माझे होते. ताट उचलताना तुम्ही मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून माझ्या मुठीत दिलंत. "नवा गडी शेवटची धा मिन्टं. तवर माज्या शेजारी बसायचं, काटा बघायचा, खेळ बघायचा." मी घड्याळ खिशात कोंबलं.

तेव्हाही इंदापूरचंच मैदान. ट्रॉली भरून माझी माणसं आली आहेत, वडील पुढे, मागे चुलते, आत्या, भावकीतली पोरं. मी तुमच्या शेजारी पोत्यावर बसलोय आणि ते सगळे मला बघतायत. हाफ टाइमला मला राहवत नाही. "आबा, वडील आल्यात. आता तरी उतरवा." तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "तुजा बा आलाय म्हनून काटा पळायचा न्हाय. बस खाली." बाजूची दोन-तीन माणसं हसली आणि माझे कान तापले. पुढचा अर्धा वेळ मी खेळ बघितला नाही, फक्त तुम्हाला मनात शिव्या घातल्या. शेवटी काटा दहा मिनिटांवर आला, मी घड्याळ तुमच्या हातावर जवळजवळ आपटलं आणि आत गेलो. दहा मिनिटांत चेंडू दोनदा पायाशी आला, दोन्ही वेळा गेला. मॅच बरोबरीत सुटली.

नंतर ट्रॉलीपाशी वडील म्हणाले, "दहा मिन्टासाठी एवढं डिझेल जाळलं व्हय रं?" मी मोठ्यानं, तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणालो, "आबांनी खेळवलंच न्हाय. एवढ्यात कोन काय करनार?" तुम्ही घड्याळाला चावी देत उभे होतात. जवळ आलात आणि वडिलांना म्हणालात, "माजी चूक झाली, पाव्हनं. पोरगं चांगलं हाय. पुढच्या मॅचला पुरं खेळवतो." मला वाटलं, मी जिंकलो. पण त्यानंतर मी मैदानावर आलोच नाही. तुम्ही दोनदा निरोप धाडलात, मी तोऱ्यात राहिलो. पुढच्या गळीत हंगामात पाळीवरच तुमच्या छातीत दुखलं आणि तुम्ही गेलात. मातीला मी आलो होतो, पण मागे, उसाच्या गाडीआड उभा राहिलो. पुढे यायची लाज वाटली.

मग मीही पोरांना शिकवायला लागलो. आणि इतकी वर्षं काय केलं, तर नव्या पोराला पहिल्याच मॅचला पुरी नव्वद मिनिटं खेळवलं. कौतुक व्हायचं माझं, सर पोरांवर विश्वास टाकतात म्हणून. खरं तर तो तुमच्यावरचा राग होता. काही पोरं तरलीही. पण गेल्या वर्षी एक पोरगा तासाभरातच गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. समोरच्या संघाची चार माणसं त्याला ओलांडून गेली. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मी मान वळवली. त्याला बाहेर घेतलं असतं तर पुरी मॅच खेळवायचा माझा शब्द खोटा पडला असता ना. मॅचनंतर तो परत कधी सरावाला आला नाही. त्याची ती नजर मला ओळखीची वाटली, म्हणून तेव्हापासून चैन नाही.

आत्ता चौथ्यांदा यादी लिहिली. पळसदेवच्या पोराचं नाव बारावं टाकलंय. त्याला सकाळी जेवायला बोलावलंय. त्याची आई बोलेल, पोरगं मला शिव्या घालेल, घालू दे. हे सगळं मी खोडलेल्या याद्यांच्या पाठीवर लिहितोय, त्यामुळे पाकिटाचा आणि पत्त्याचा प्रश्नच नाही. तुमच्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं.

एक राहिलं. त्या दहा मिनिटांत मी दोनदा तुमच्याजवळून पळत गेलो आणि ओरडलो, "आबा, किती राहिली?" पोरं हसली, गडी खेळाचा भुकेला आहे म्हणाली. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या वेळी म्हणालात, "दोनच मिन्टं. दम धर." शिट्टी व्हायला त्यानंतर चांगली पाच-सहा मिनिटं लागली. जास्त खेळायचं असलेल्या पोराला असा धीर कुणी देत नाही. तुम्हाला कळलं होतं, तरी वडिलांसमोर चूक स्वतःवर घेतलीत. आबा, चेंडू माझ्याकडे येऊ नये म्हणून मी समोरच्या संघाच्या दांडग्या गड्याच्या पाठीमागे लपत होतो. मला ती मॅच लवकर संपायला हवी होती.