मोहाला बांधलेली झोळी

पिंकीचे पप्पा,

भाकरी झाकून ठेवलीय, खाऊन घ्या. दारचं मोहाचं झाड तुम्ही करवतवाल्याला विकलंत, तो आज तोडायला येणार, हे मला विहिरीवर बायकांकडून कळलं. घरात एका शब्दानं विचारलं नाय. याची फुलं वाळवून पेठच्या बाजारात नेते, म्हणून घरात मीठ-मिरची येते. बियांच्या तेलात कालवण होतं. त्या पैशातनं येणारी तुमची मोटारसायकल शेळ्यांना पाला देणार हाय का?

मी सरपंचबाईंना आणायला चालले. तोवर तो आलाच, तर मशीन सुरू करायच्या आधी त्याला वर बघायला सांगा. पिंकीची झोळी रोजच्याच फांदीला बांधलीय. खाली तुमची आई झोका देत बसलीय. तिला ऊठ म्हणायचं, ते तुम्हीच म्हणा.

रोशनी