एक ताट जास्त

अजमान,
८ जानेवारी २००१

प्रिय मरिसा बाय,

देवाची कृपा तुम्हां सगळ्यांवर असो. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण दिवसभर हॉटेलात उभ्या राहणाऱ्या वेट्रेसचा गुडघा आणखी काय करणार? ब्रिजेटमावशीचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, आता तुझ्या लग्नाच्या गडबडीत थंड पाण्यात हात घालू नकोस.

गुरुवारी फोनवर तू म्हणालीस, लग्नात आईच्या जागी मावशी बसेल, पाहुणे तिलाच ओळखतात. मी म्हटलं, ओके, नो प्रॉब्लेम. मग म्हणालीस, तू उगाच रजा वाया घालवू नकोस. मी त्यालाही ओके म्हटलं. तेवढ्यात फोनचं कार्ड संपलं.

ते असो. गंमत ऐक, यंदा मी दोनदा नाताळ केला! आमच्या हॉटेलात चादरी, युनिफॉर्म शिवणारी स्तेफा आहे ना, युक्रेनची, तिच्याकडे जुन्या कॅलेंडरप्रमाणे नाताळ सात जानेवारीला. आदल्या संध्याकाळी तिने मला खोलीवर जेवायला बोलावलं. पहिली चांदणी दिसेपर्यंत घास घ्यायचा नाही, म्हणून आम्ही दोघी गच्चीवर माना वर करून उभ्या. पोटात कावळे ओरडतायत! एक दिसली, तर ते शारजाला उतरणारं विमान निघालं.

जेवणात मधातली गव्हाची खीर होती. त्यात खसखस लागते, पण इथे खसखस अफूत मोजतात, सापडली तर थेट जेल, म्हणून बिचारीने तीळ घातले.

टेबलावर ताटं तीन आणि माणसं दोन. हॉटेलची सवय जाते का गं? जेवायला माणूस नसेल तर ताट-चमचा उचलायचा, हे हातातच बसलंय. मी तिसरं ताट उचललं आणि सिंकमध्ये नेऊन ठेवलं. स्तेफाचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्यात राहून शिकलेल्या मोडक्या हिंदीत ती ओरडली, "नो, अ‍ॅलिस! इसका आदमी है!" तिने ते धुऊन, पुसून परत मांडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तिच्या आजोबांचं ताट. तिच्या मुलखाला हालिचिना म्हणतात. तिथे आधी ऑस्ट्रियाचा बादशहा होता. पहिल्या महायुद्धात तो बुडाला, तेव्हा तिथल्या लोकांनी स्वतःचं राज्य काढलं, पश्चिम युक्रेनचं लोकराज्य. ते वर्षभरही टिकलं नाही. पोलंडची फौज चढून आली आणि आजोबा आपल्या सैन्याबरोबर झ्ब्रूच नदीपलीकडे गेले ते गेलेच. मग पोलंडचं राज्य आलं, रशियन आले, जर्मन आले, पुन्हा रशियन. रशियनांना नाताळ चालायचा नाही, तर आजी खिडकीला घोंगडी लावून ताट मांडायची.

मी विचारलं, "वो मर गया, दादी को मालूम नहीं था?"

"मालूम था," स्तेफा म्हणाली. "लेकिन घर उसका है ना. थाली नहीं रखेगी, तो वो बाहर का आदमी हो जाएगा."



कार्ड संपलं नव्हतं, मरिसा. मला रडू फुटलं म्हणून मी फोन ठेवला. पप्पा गेले तेव्हा तू दुसरीत होतीस. तुला मावशीच्या ओटीत घातलं आणि मी इथे आले. तुझ्या तापात ती जागली, तुझ्या वेण्या तिने घातल्या. म्हणून ती मम्मी, आणि गावाला अजमान काय नि शारजा काय, सगळी दुबईच, म्हणून मी दुबईची मम्मी. आईच्या जागी तिलाच बसव, अगदी मनापासून सांगते. पण बाय, माणूस दिसत नाही म्हणून तू माझं ताट उचललंस, ते मला लागलं. फार लागलं.

माझी रजा डिसेंबरातच मंजूर झालीय. तिकीट स्तेफाच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे, कारण माझ्याजवळ असतं तर शुक्रवारीच फाडलं असतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरी जेवायला बसाल, तेव्हा एक ताट जास्त मांड. कोणी उचलायला आलं तर सांग, त्याला माणूस आहे, अजमानहून निघालंय.

तुझी आई
(दुबईची नाही. नुसती आई.)